नरक्या, कॅम्पटोथेसिन आणि वर्षावनांतील औषधी वनस्पतींचे संशोधन

प्रस्तावना

आधुनिक वैद्यकात वापरल्या जाणाऱ्या अनेक औषधांचे मूळ वनस्पतींमध्ये आहे, हे पाठ्यपुस्तकांतून नेहमी सांगितले जाते. सिंकोनाच्या सालीपासून क्विनीन, सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टीन, सर्पगंधेपासून रिसर्पीन ही उदाहरणे विद्यार्थ्यांना पाठ असतात. तथापि जंगलातील झाडापासून रुग्णालयातील इंजेक्शनपर्यंतचा प्रवास कसा होतो, त्याला किती वर्षे लागतात आणि त्या प्रवासात मूळ झाडाचे काय होते, हे प्रश्न वर्गात क्वचितच विचारले जातात.

प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा विचार सह्याद्रीतील नरक्या या एका वृक्षाच्या आधारे केला आहे. या वृक्षातून मिळणाऱ्या कॅम्पटोथेसिन या द्रव्यापासून कर्करोगावरील महत्त्वाची औषधे तयार होतात. गोवा, बेळगाव, कोल्हापूर व सिंधुदुर्ग या परिसरातील जंगलांत हा वृक्ष आढळतो. म्हणजेच या भागातील महाविद्यालयांच्या दृष्टीने तो दूरच्या ॲमेझॉनमधला नसून घाटमाथ्यावरचा शेजारी आहे. ज्या संशोधनामुळे त्याचे मोल जगाला कळले, त्याच संशोधनामुळे त्याच्यावर कुऱ्हाड पडली. म्हणून औषधी रेणू सापडल्याने संशोधन पूर्ण होत नाही. वनस्पतीची अचूक ओळख, तिचा टिकाऊ पुरवठा आणि स्थानिकांचा न्याय्य वाटा या तीन गोष्टींची जोड मिळाल्यावरच ते पूर्ण होते. हे दाखवणे हा या लेखाचा उद्देश आहे.

१. वर्षावन आणि रासायनिक विविधता

उष्णकटिबंधीय वर्षावनांनी पृथ्वीच्या भूभागाचा सुमारे सहा ते सात टक्के भाग व्यापला आहे. मात्र जगातील जमिनीवरील सजीवांच्या निम्म्या किंवा त्याहून अधिक जाती तेथे राहत असाव्यात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. नॉर्मन मायर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली जगातील २५ अतिसंवेदनशील जैवविविधता क्षेत्रांची यादी प्रसिद्ध केली. एखादे क्षेत्र या यादीत येण्यासाठी दोन अटी होत्या : तेथे किमान १५०० प्रदेशनिष्ठ वनस्पती असाव्यात आणि तेथील मूळ वनाच्छादनाचा किमान ७० टक्के भाग नष्ट झालेला असावा. पश्चिम घाट व श्रीलंका हे क्षेत्र या यादीत आहे. ज्या यादीत येणे हा बहुमान वाटतो, ती यादी ऱ्हासाचीही नोंद आहे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

गुजरात-महाराष्ट्राच्या सीमेपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १६०० किलोमीटर पसरलेल्या पश्चिम घाटातील ३९ स्थळांना युनेस्कोने २०१२ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी यांचा समावेश आहे. दक्षिणेकडे पाऊस वर्षातील अधिक महिने पडतो, म्हणून केरळात खरी सदाहरित वने दिसतात. उत्तरेकडे कोरडा काळ लांबत जातो आणि महाराष्ट्रात सदाहरित वनांचे पट्टे निमसदाहरित वनांशी मिसळलेले आढळतात.

अशा वनांत औषधी द्रव्ये अधिक का सापडतात? वनस्पतीला जागा सोडून पळता येत नाही. वर्षभर उबदार व ओलसर हवा असलेल्या जंगलात तिच्यावर कीटक, बुरशी व जीवाणू यांचा मारा सतत चालू असतो. या शत्रूंना आवरण्यासाठी वनस्पती अल्कलॉइड, टर्पिनॉइड, फिनॉल अशी द्रव्ये तयार करतात. वाढ व श्वसन या मूलभूत क्रियांना ती थेट लागत नाहीत, म्हणून त्यांना दुय्यम चयापचयजन्य द्रव्ये म्हणतात. सजीवांच्या पेशींची मूलभूत यंत्रणा बरीचशी सारखी असल्यामुळे कीटकाच्या पेशीला घातक असलेले द्रव्य मानवी पेशीवरही परिणाम करते. या परिणामाची मात्रा व दिशा ताब्यात आणली की विषाचे औषध होते. प्रत्येक जातीचे रसायनशास्त्र थोडे वेगळे असते. त्यामुळे जाती अधिक असतील तेथे रेणूही अधिक असतात.

२. वनस्पतीची ओळख : संशोधनाची पहिली पायरी

औषधी वनस्पतींच्या अभ्यासात नावाचा प्रश्न फार जुना आहे. अकराव्या शतकात अल-बिरुनी याने औषधशास्त्रावर लिहिलेल्या किताब-अल-सैदना या ग्रंथात औषधी द्रव्यांची अरबी, ग्रीक, सिरियाक, फारसी व भारतीय भाषांतील नावे एकत्र नोंदवली. एका भाषेतील नाव दुसऱ्या भाषेत कोणत्या द्रव्याला लागू पडते हे ठरल्याशिवाय उपचार सुरक्षित होत नाही, हे त्यामागील तत्त्व होते. पुढे १५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ता याचा भारतातील औषधी द्रव्यांवरील पोर्तुगीज संवादग्रंथ छापला गेला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे वैद्य म्हणून त्याचे येणेजाणे होते. अरबी वैद्यकग्रंथांतील माहिती त्याने येथील हकीम व वैद्य यांच्याकडून पडताळून घेतली आणि प्रत्यक्ष पाहिलेल्या वनस्पतींशी ताडून पाहिली.

नरक्याच्या बाबतीतही नावाचा हा घोळ दिसतो. त्याच्या फुलांना उग्र दुर्गंध येतो. नरक्या हे मराठी नाव या दुर्गंधाशी जोडले जाते आणि त्याच्या जुन्या शास्त्रीय नावातील फीटिडा या लॅटिन शब्दाचा अर्थही दुर्गंधी असाच आहे. १९७० च्या दशकातील शोधनिबंधांत तो मॅपिया फीटिडा या नावाने येतो, नंतरच्या लेखनात नोथापोडायटिस फीटिडा या नावाने, तर आज स्वीकारलेले नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना असे आहे. निम्मोनियाना हा शब्द मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा संग्रह करणाऱ्या निम्मो यांच्या स्मरणार्थ आहे. केवळ आजच्या नावाने शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याला या वृक्षावरील निम्मे संशोधन सापडणारच नाही.

नावाइतकाच महत्त्वाचा असतो तो नावामागील पुरावा, म्हणजे वनस्पतीचा सुकवून जतन केलेला नमुना. अशा प्रत्येक नमुन्यावर स्थळ, तारीख, उंची, संग्राहक व स्थानिक नाव यांची नोंद असते. त्याचे मोल मलेशियातील सारावाक येथील एका उदाहरणावरून कळते. १९८७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेसाठी तेथील वर्षावनातून कॅलोफायलम वंशातील एका झाडाचे नमुने गोळा करण्यात आले. काही वर्षांनी त्यांच्या अर्कात एचआयव्ही विषाणूला रोखणारा कॅलॅनोलाइड हा रेणू आढळला. अधिक साहित्य आणण्यासाठी पथक त्याच जागी परत गेले तेव्हा मूळ झाड तेथे नव्हते, ते तोडले गेले होते. त्याच जातीच्या इतर झाडांत तो रेणू अपेक्षेप्रमाणे मिळेना. पुढे सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात जतन केलेल्या झाडाचा आधार घ्यावा लागला. कॅलॅनोलाइड अद्याप बाजारातील औषध झालेले नाही. तथापि एक झाड गेल्याने केवढी संधी हातची जाऊ शकते, याचे हे उदाहरण आहे.

३. कॅम्पटोथेसिनचा शोध

कॅम्पटोथेसिनचा शोध सह्याद्रीत लागला नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकात स्टिरॉइड औषधांसाठी कच्चा माल मिळावा म्हणून असंख्य वनस्पती तपासल्या जात होत्या. या कामात असलेले मन्रो वॉल यांनी जमवलेले अर्क कर्करोगविरोधी छाननीसाठीही पाठवण्यात आले. त्यांत कॅम्पटोथेका ॲक्युमिनाटा या चिनी वृक्षाचा अर्क लक्षणीय प्रभावी ठरला. पुढे नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये वॉल आणि भारतात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी यांनी त्यातील क्रियाशील द्रव्य वेगळे केले व १९६६ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. याच दोघांच्या गटाने १९७१ साली पॅसिफिक यू या वृक्षापासून टॅक्सॉल या दुसऱ्या प्रसिद्ध कर्करोगविरोधी द्रव्याची रचना मांडली.

यानंतर भारताचा संबंध येतो. मुंबईतील गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रात टी. आर. गोविंदाचारी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय वनस्पतींतील नैसर्गिक द्रव्यांवर काम चालू होते. गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी १९७२ साली मॅपिया फीटिडा, म्हणजेच आपला नरक्या, यात कॅम्पटोथेसिन असल्याचे दाखवून दिले. चिनी वृक्ष व नरक्या ही वर्गीकरणदृष्ट्या वेगळ्या कुलांतील झाडे आहेत. इतकेच नव्हे, तर पश्चिम घाटात आढळणाऱ्या ऑफिओऱ्हायझा या वंशातील लहान वनस्पतींतही हाच रेणू सापडतो. एकमेकांपासून दूर असलेल्या कुलांत तोच गुंतागुंतीचा रेणू कसा निर्माण झाला, हा उत्क्रांतीच्या अभ्यासातील महत्त्वाचा प्रश्न आहे.

४. रेणूचे कार्य आणि औषधापर्यंतचा प्रवास

प्रत्येक पेशीत डीएनएचे दोन धागे एकमेकांभोवती पिळलेले असतात. पेशीविभाजनापूर्वी डीएनएची प्रत तयार करताना हे धागे उलगडावे लागतात. सुतळीचे दोन पदर एका टोकाकडून ओढून वेगळे करू लागल्यास पुढच्या भागातील पीळ घट्ट होत जातो. डीएनएमध्येही तसेच घडते. हा ताण सोडवण्यासाठी टोपोआयसोमरेज-१ हे विकर, म्हणजे एन्झाइम, एका धाग्याला छेद देते, पीळ सैल करते आणि छेद पुन्हा जोडते. कॅम्पटोथेसिनचा रेणू नेमका या छेदाच्या जागी जाऊन अडकतो व जोडणी होऊ देत नाही. प्रत तयार करणारी यंत्रणा त्या जागी येऊन आदळली की दोन्ही धागे तुटतात आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी वेगाने विभाजित होत असल्यामुळे त्यांना याचा फटका अधिक बसतो. मात्र अस्थिमज्जा व आतड्याचे अस्तर येथील निरोगी पेशीही वेगाने वाढतात, म्हणून दुष्परिणामही गंभीर असतात.

कॅम्पटोथेसिनची ही क्रिया १९८५ साली स्पष्ट झाली. त्यापूर्वीची वीस वर्षे निराशेची होती. मूळ द्रव्य पाण्यात विरघळत नाही. म्हणून १९७० च्या सुमारास त्याचा विरघळणारा सोडियम क्षार रुग्णांना देण्यात आला. या क्षारात रेणूचे एक महत्त्वाचे कडे उघडलेले असते व त्यामुळे त्याची क्रियाशीलता कमी होते. मूत्राशयातील आम्लधर्मी वातावरणात ते कडे पुन्हा मिटते आणि तेथे रक्तस्राव होतो. अशा दुष्परिणामांमुळे चाचण्या थांबवाव्या लागल्या. विकराचे रहस्य उलगडल्यानंतर मूळ रेणूत बदल करून टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही औषधे तयार झाली. १९९६ साली दोन्हींना अमेरिकेत मान्यता मिळाली, पहिल्याला अंडाशयाच्या व दुसऱ्याला मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी. इरिनोटेकॅनचा समावेश २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत झाला. २०१९ व २०२० साली मान्य झालेल्या ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन व सॅसिटुझुमॅब गोविटेकॅन या औषधांत कॅम्पटोथेसिनशी नाते असलेले रेणू प्रतिपिंडांना जोडून थेट गाठीपर्यंत पोहोचवले जातात.

रचना कळल्यापासून पहिले औषध मान्य होईपर्यंत जवळजवळ तीस वर्षे गेली. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. प्रयोगशाळेत एखाद्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मारल्या, एवढ्यावरून औषध सापडले असे म्हणता येत नाही. तसेच नरक्याच्या सालीचा किंवा मुळाचा काढा हा कर्करोगावरील उपचार नाही. मूळ द्रव्य विषारी आहे, त्याची मात्रा काढ्यात ठरवता येत नाही आणि असा प्रयोग जिवावर बेतू शकतो.

५. सह्याद्रीतील नरक्या : मागणी आणि ऱ्हास

नरक्या हा सदाहरित व निमसदाहरित वनांत, विशेषतः उंच झाडांच्या सावलीत व वनाच्या कडेला वाढणारा लहान वृक्ष आहे. फांद्यांच्या टोकांशी दाटीने येणारी पाने, फिकट पिवळसर लहान फुले आणि पिकल्यावर जांभळट होणारी एकबीजी फळे ही त्याची ओळख सांगता येते. इमारती लाकूड म्हणून त्याला फारसे मोल नव्हते. १९९० च्या दशकात परदेशातील औषध उद्योगाकडून मागणी वाढली आणि चित्र पालटले. चिनी वृक्षाच्या तुलनेत नरक्यातील कॅम्पटोथेसिनचे प्रमाण चांगले असल्यामुळे भारतातील जंगले हा या कच्च्या मालाचा एक प्रमुख स्रोत बनली.

येथे एक साधे गणित उपयुक्त ठरते. वाळलेल्या लाकडात कॅम्पटोथेसिनचे प्रमाण साधारण ०.१ टक्के धरले, तर एक किलो शुद्ध द्रव्यासाठी किमान १००० किलो वाळलेले लाकूड लागते. केवळ उदाहरणापुरते एका लहान झाडापासून २० किलो वाळलेले लाकूड मिळते असे मानले, तर एका किलोसाठी ५० झाडे पडतात. निष्कर्षणात होणारी घट धरली तर हा आकडा आणखी वाढतो.

प्रमाणाइतकाच महत्त्वाचा मुद्दा तोडणीच्या पद्धतीचा आहे. खोड जमिनीलगत कापल्यास बुंध्याला पुन्हा धुमारे फुटू शकतात. परंतु पानांपेक्षा खोडात व मुळांत द्रव्य अधिक असल्यामुळे झाड मुळासकट उपटण्याचा मोह होतो आणि मग पुनरुद्भवाची शक्यता संपते. फळ धरणारी मोठी झाडे गेली की बी पडत नाही व नवी रोपे येत नाहीत. कोल्हापूर व सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या घाटमाथ्यावरील जंगलांतून नरक्याची बेकायदा तोड व तस्करी होत असल्याच्या बातम्या वारंवार येत राहिल्या आहेत. अशा कारवायांत बहुधा लाकूड तोडणारा व वाहणारा मजूर सापडतो. अंतिम नफा ज्याच्या हाती जातो तो खरेदीदार फार दूर असतो.

ज्या रुग्णाला या औषधाने आयुष्याची काही वर्षे मिळतात त्याच्या दृष्टीने नरक्या तोडणे अपरिहार्य वाटेल. वनाच्या दृष्टीने ते नुकसान आहे. तथापि या दोन हितांत खरा विरोध नाही. झाडे संपली तर पुढच्या रुग्णाचे औषधही संपते. म्हणून वाद झाड की रुग्ण असा नसून पुरवठा कोणत्या मार्गाने व्हावा, हा आहे.

६. पुरवठ्याचे पर्याय

या संदर्भात टॅक्सॉलचे उदाहरण मार्गदर्शक आहे. आरंभी त्यासाठी पॅसिफिक यू वृक्षांची साल काढली जाई व झाड मरून जाई. पुढे फ्रान्समधील संशोधकांनी युरोपियन यूच्या पानांतून मिळणाऱ्या पूर्वद्रव्यापासून औषध बनवण्याची पद्धत विकसित केली. पाने पुन्हा येतात. त्यानंतर वनस्पतिपेशींच्या संवर्धनातूनही उत्पादन होऊ लागले. नरक्याबाबत पुढील दिशांनी प्रयत्न झाले आहेत.

अ) निवड व लागवड : एकाच जंगलातील सर्व नरक्या झाडांत द्रव्याचे प्रमाण सारखे नसते. बंगळूर येथील कृषी विज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी पश्चिम घाटातील वेगवेगळ्या ठिकाणच्या झाडांची तपासणी करून हा फरक नोंदवला. अधिक द्रव्य देणारी झाडे शोधून त्यांच्यापासून रोपे तयार केल्यास कमी झाडांत काम भागू शकते. मात्र अशी निवड करण्यासाठी जंगलात विविधता शिल्लक असावी लागते. सरसकट तोड झाली तर उत्तम झाड कोणते होते हे कळण्याआधीच ते गेलेले असते.

आ) पाने व फांद्यांचा वापर : लागवडीतील झाडांच्या फांद्यांची ठरावीक काळाने छाटणी करून धुमाऱ्यांवर काम करणे हा सोयीचा मार्ग आहे. द्रव्याचे प्रमाण कमी मिळाले तरी झाड जिवंत राहते.

इ) आंतरवासी बुरशी : वनस्पतीच्या ऊतींत तिला अपाय न करता राहणाऱ्या बुरशींना आंतरवासी बुरशी म्हणतात. जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील, म्हणजे आजच्या भारतीय समवेत औषध संस्थेतील, संशोधकांनी २००५ साली नरक्याच्या अंतर्सालीतून मिळालेली एक बुरशी स्वतंत्रपणे वाढवल्यावरही कॅम्पटोथेसिन तयार करते असे प्रसिद्ध केले. किण्वनाच्या टाकीत औषध तयार होईल, अशी आशा त्यामुळे निर्माण झाली. परंतु पुनःपुन्हा संवर्धन केल्यावर अशा बुरशींची उत्पादनक्षमता घटते, असा अनुभव पुढील अभ्यासांत आला. ही मर्यादा हेही सांगते की झाड, बुरशी व परिसर यांचे नाते तोडून केवळ एक घटक उचलला तर निसर्गातील क्रिया जशीच्या तशी मिळत नाही.

ई) पेशी व ऊती संवर्धन : नरक्या व ऑफिओऱ्हायझा यांच्या ऊती प्रयोगशाळेत वाढवण्याचे प्रयोग झाले आहेत. रोपे तयार करण्यासाठी ही पद्धत उपयोगी आहे.

७. ज्ञानाचा व लाभाचा वाटा

नरक्यातील कॅम्पटोथेसिन प्रयोगशाळेतील तपासणीतून सापडले. परंतु अनेकदा संशोधनाची दिशा वनात राहणाऱ्या लोकांच्या ज्ञानातून मिळते. केरळातील अगस्त्यमलाईच्या वनांत १९८७ साली फिरणाऱ्या शास्त्रज्ञांना सोबतचे काणी आदिवासी एक लहान फळ खाऊन न थकता चालत असल्याचे दिसले. ही वनस्पती आरोग्यपच्चा होय. तिच्यापासून तिरुवनंतपुरमजवळील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने जीवनी हे औषध विकसित केले व १९९० च्या दशकाच्या मध्यास एका आयुर्वेदिक कंपनीला उत्पादनाचा परवाना दिला. परवान्यापोटी १० लाख रुपये व विक्रीवर २ टक्के स्वामित्वशुल्क ठरले आणि त्यातील निम्मा हिस्सा काणी समाजाला देण्याचे मान्य झाले. त्यासाठी १९९७ साली काणी लोकांचा न्यास नोंदवण्यात आला. पुढे वनातून पाने गोळा करण्याच्या परवानगीवरून अडचणी आल्या. तरीही ज्ञान देणाऱ्याला वाटा देण्याचा हा आरंभीचा व बहुचर्चित प्रयोग ठरला.

१९९२ च्या जैवविविधता कराराने जैविक संपत्तीवर त्या त्या देशाचा सार्वभौम हक्क मान्य केला. भारताने २००२ साली जैविक विविधता कायदा केला. २००३ साली चेन्नई येथे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण स्थापन झाले. त्याखाली राज्य मंडळे व गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या अशी रचना आहे. गावातील वनस्पती, प्राणी व त्यांविषयीचे ज्ञान लोकजैवविविधता नोंदवहीत लिहिणे हे या समित्यांचे मुख्य काम होय. २०२३ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. तिने लागवडीखालील औषधी वनस्पती, आयुष चिकित्सक इत्यादींना काही सवलती दिल्या आणि फौजदारी शिक्षेऐवजी आर्थिक दंडाची तरतूद केली. लागवडीला यामुळे उत्तेजन मिळेल, असे समर्थक म्हणतात. जंगलातून आणलेला माल लागवडीचा म्हणून दाखवला जाईल व स्थानिकांचा वाटा बुडेल, अशी टीकाकारांची भीती आहे. नरक्यासारख्या वृक्षाबाबत ही भीती अनाठायी म्हणता येत नाही.

८. महाविद्यालयीन अध्यापनातील उपयोजन

वरील विषय वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, पर्यावरण, अर्थशास्त्र व कायदा या सर्वांना स्पर्श करतो. महाविद्यालयात मोठी प्रयोगशाळा नसली तरी पुढील उपक्रम घेता येतील.

१) नावांची तुलनात्मक नोंद : परिसरातील पंचवीस-तीस सामान्य औषधी वनस्पतींची मराठी, कोंकणी, कन्नड, उर्दू व दखनी नावे विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांकडून, हकीम-वैद्यांकडून व काष्ठौषधी विकणाऱ्या अत्तार मंडळींकडून गोळा करावीत आणि शास्त्रीय नावांशी ताडून पाहावीत. सीमाभागातील बहुभाषिक वर्गात ही नोंद विशेष समृद्ध होईल.

२) नमुन्यांचे जतन : विपुल आढळणाऱ्या वनस्पतींचे नमुने नियमानुसार सुकवून स्थळ व तारखेसह ठेवावेत. ओळख पटवण्यासाठी भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पुणे येथील पश्चिम मंडळ, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ यांचे संग्रह उपयोगी पडतात. पारंपरिक औषधांवर काम करणारी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय संस्था बेळगाव येथेच आहे.

३) प्रात्यक्षिक : रंगद्रव्ये व अल्कलॉइड यांचे पृथक्करण शिकवण्यासाठी सदाफुली, अडुळसा अशा बागेतील वनस्पती पुरेशा आहेत. नरक्या किंवा कोणतीही दुर्मीळ वनस्पती यासाठी जंगलातून आणू नये. तसे करणे कायद्याच्या दृष्टीनेही अडचणीचे आहे.

४) पुरवठ्याचे गणित : पाचव्या भागातील उदाहरणात द्रव्याचे प्रमाण, झाडाचे वजन व वाढीस लागणारी वर्षे बदलून विद्यार्थ्यांनी एका किलोसाठी किती क्षेत्रात लागवड करावी लागेल याचा अंदाज काढावा.

५) स्थानाची गुप्तता : सहलीत दुर्मीळ झाड आढळल्यास त्याचे नेमके ठिकाण भित्तिपत्रकात किंवा समाजमाध्यमांवर देऊ नये. माहिती वनविभागाला व संबंधित जैवविविधता समितीला द्यावी.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी दिसून येतात.

१) वर्षावनांतील जातींची विविधता ही रेणूंची विविधता आहे. कोणत्या झाडात काय आहे हे आधी सांगता येत नसल्यामुळे निरुपयोगी ठरवून कोणतीही जात गमावणे परवडणारे नाही. नरक्याला १९७२ पूर्वी बाजारात मोल नव्हते.

२) औषधी संशोधन हे दीर्घकाळ चालणारे व अनेकांच्या सहभागाचे काम आहे. अचूक नाव, जतन केलेला नमुना, रेणूची रचना, कार्यपद्धती व चाचण्या यांतील एकही पायरी गाळता येत नाही.

३) झाडातील द्रव्याची माहिती प्रसिद्ध होते त्याच वेळी त्याच्या संरक्षणाची व लागवडीची योजना नसेल, तर ती माहितीच त्याच्या नाशाचे कारण ठरू शकते. नरक्याबाबत योजना मागणीच्या मागून आली.

४) जंगलाजवळ राहणाऱ्यांना झाड उभे ठेवण्यात लाभ दिसला तरच कायद्याचा हेतू सफल होईल.

घाटमाथ्यावरच्या गावांतून येणारे अनेक विद्यार्थी नरक्या पाहून ओळखतात, पण त्याचे रसायनशास्त्र त्यांना माहीत नसते. शहरातील विद्यार्थी कॅम्पटोथेसिनची रचना फळ्यावर काढतात, पण झाड त्यांनी पाहिलेले नसते. या दोघांना एका बाकावर बसवून एकमेकांचे ज्ञान एकमेकांना देण्याचे काम महाविद्यालयीन शिक्षकच करू शकतो.